वऱ्हाड चाललंय जबलपूरला

थंडीतलं लग्न, नर्मदेचा काठ आणि मागे संगमरवरी कडे! कल्पना सुंदर आहे. पण पाहुण्यांची यादी, कडाक्याची थंडी आणि खर्चाची वाटणी या तीन गोष्टी आधी ठरवल्या, तरच ती सुखाची होते.

लग्नासाठी परगावी जाणं मराठी माणसाला नवीन नाही. वऱ्हाड हा शब्दच प्रवासाचा आहे. ट्रंका, वळकट्या, फराळाचे डबे आणि रुसलेले काका घेऊन मुलाकडची मंडळी मुलीच्या गावी जात. जानवसघरी उतरत, सीमांतपूजन होई, लग्न लागे आणि तिसऱ्या दिवशी सगळे परत. आताचं ‘डेस्टिनेशन वेडिंग’ म्हणजे जवळपास हेच. फरक एकच, पण तो मोठा आहे. पूर्वी एक पक्ष प्रवास करी आणि दुसरा आपल्या अंगणात उभा राहून सगळं बघत असे. आता दोन्ही घरं तिसऱ्याच गावी जातात. तिथे कोणाचीच शेजारीण धावून येत नाही, आणि कोणाच्याच ओळखीचा वाणी उधारीवर साखर देत नाही.

राजस्थानातले महाल आणि गोव्याचे किनारे या हौसेसाठी प्रसिद्ध झाले. त्यांचे दरही तसेच झाले. विदर्भातल्या आणि मध्य प्रदेशातल्या मराठी घरांसाठी त्याहून जवळचं, आपल्या ओळखीचं आणि बेताच्या खर्चातलं एक ठिकाण आहे. ते म्हणजे जबलपूर.

ओळखीचं अशासाठी की, १८१७ पर्यंत इथे नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. पुढे १९५६ पर्यंत नागपूर आणि जबलपूर एकाच प्रांतात होती. त्या वर्षी राज्यांची फेररचना झाली आणि नागपूरचं हायकोर्ट मध्य प्रदेशचं हायकोर्ट होऊन जबलपूरला गेलं. रेल्वे, संरक्षण खात्याचे कारखाने, कोर्टकचेऱ्या यांच्या निमित्ताने कितीतरी मराठी कुटुंबं तिथलीच झाली. त्यामुळे अनेकांची एखादी आत्या, मावशी किंवा मावसबहीण जबलपूरला निघतेच. परगावच्या लग्नात अशी एक मावशी दहा व्यवस्थापकांच्या बरोबरीची असते. दूरचं ठिकाण निवडताना आधी असं आपलं माणूस कुठे आहे ते पाहावं आणि मग तिथलं निसर्गसौंदर्य.

आधी पंचांग, मग हॉटेल

हिवाळ्यात लग्नाचे दोन हंगाम असतात. तुळशीचं लग्न लागलं की पहिला सुरू होतो आणि डिसेंबरच्या मध्यापर्यंत चालतो. मग सूर्य धनू राशीत जातो. त्या महिन्याला उत्तरेकडे खरमास म्हणतात आणि संक्रांतीपर्यंत तिकडे लग्नं होत नाहीत. आपल्याकडे पौष टाळतात. दोन्ही काळ बरेचसे एकावर एक येतात, पण अगदी सारखे नसतात. म्हणून संक्रांत झाली की जबलपूरची स्थानिक मंडळी सभागृहं धरू लागतात, आणि आपण पौष संपायची वाट पाहत बसतो. माघातली तारीख हवी असेल तर सभागृहाचं बोलणं दिवाळीच्या आधीच करून ठेवावं. गुरू किंवा शुक्राचा अस्त असेल त्या वर्षी मुहूर्त कमी असतात आणि गर्दी जास्त. ते भटजींना पहिल्याच भेटीत विचारावं.

दोन-तीन दिवस मुद्दाम टाळण्यासारखे आहेत. कार्तिकी पौर्णिमेला भेडाघाटला जत्रा असते. संक्रांतीला तिळवाराघाटावर मेळा भरतो. माघ शुद्ध सप्तमीला नर्मदा जयंती येते आणि ग्वारीघाटावर माणसांचा पूर लोटतो. ज्यांना तो सोहळा पाहायचाच आहे, त्यांनी खोल्या फार आधी धराव्यात. इतरांनी तो आठवडा सोडावा. नाताळ ते नववर्ष हा काळही पर्यटकांचा.

चांदण्याची हौस असेल तर दत्तजयंतीची मार्गशीर्ष पौर्णिमा किंवा माघी पौर्णिमा यांच्या जवळपासचा मुहूर्त मिळतो का पाहा. भेडाघाटचे कडे चांदण्यात पाहायचे असतात, असं तिकडचा प्रत्येक माणूस सांगतो. मात्र रात्री नावा सोडतात का आणि किती वाजेपर्यंत, हे त्या वेळी तिथे चौकशी करूनच ठरवावं.

निसर्गानेच केलेली सजावट

शहरापासून वीस-पंचवीस किलोमीटरवर भेडाघाट आहे. इथे नर्मदा सुमारे तीन किलोमीटर लांबीच्या अरुंद घळीतून वाहते. दोन्ही बाजूंना शंभर फुटांच्या आसपास उंचीचे संगमरवरी कडे. पांढरे, गुलाबीसर, निळसर, मधूनच काळपट. पंचवटी घाटावरून नाव सुटते आणि नावाडी यमक जुळवत हसतखेळत माहिती सांगतो. जवळच धुवांधार धबधबा आहे. ‘जिस देश में गंगा बहती है’ (१९६०) पासून ‘अशोका’ (२००१) आणि ‘मोहेंजोदारो’ (२०१६) पर्यंत अनेक चित्रपटांत हे कडे दिसले आहेत. २०२१ मध्ये भेडाघाट-लमेटाघाट परिसर युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेला.

आता विचार करा, अशा जागी फायबरचे हत्ती आणि प्लास्टिकच्या फुलांची कमान कशाला? पांढऱ्या-करड्या दगडासमोर झेंडूचा केशरी आणि पिवळा रंग जितका उठून दिसतो तितका दुसरा कुठलाच नाही. थंडीत झेंडू, शेवंती, निशिगंध आणि गुलाब भरपूर मिळतात आणि चांगले टिकतात. मोगरा उन्हाळ्याचा. त्याचा हट्ट धरला तर पैसे जास्त जातात आणि गजरा मात्र सुकलेला मिळतो. आंब्याची डहाळी, केळीचे खांब, समया, पितळी घंगाळ आणि पणत्या एवढ्यावर मंडप सजतो. दिवे पिवळ्या उजेडाचे घ्या. निळ्या-जांभळ्या झोतात नवरीच्या शालूचा रंगही कळत नाही.

भेडाघाटच्या टेकडीवर दहाव्या शतकातलं, कलचुरी राजांच्या काळातलं चौसष्ट योगिनी मंदिर आहे. मधल्या गौरीशंकर मंदिरात नंदीवर बसलेल्या शिवपार्वतीची मूर्ती आहे. तिथले लोक त्यांना नवपरिणीत जोडपं मानतात. लग्नाच्या सकाळी आपली मुलगी गौरीहर पुजते. तिला आदल्या दिवशी या मूर्तीचं दर्शन घडवलं, तर त्याहून देखणी सुरुवात कोणती? देऊळ संरक्षित स्मारक आहे, त्यामुळे तिथे समारंभ करायचा नाही, नुसतं दर्शन घ्यायचं. आणि पायऱ्या बऱ्याच आहेत. गुडघेदुखीच्या मंडळींनी खाली चहा घेत थांबावं.

नावेत किंवा पाण्याला लागून असलेल्या खडकावर लग्न लावायचा मोह मात्र आवरा. दगड गुळगुळीत आहे आणि पाणी खोल. फोटोसाठी नवरा-नवरी नावेत बसणार असतील तर जीवरक्षक जॅकेट घालूनच. शालूवर ते शोभत नाही, हे खरं. पण फोटोपुरतंही ते काढू नये. नदीत दिवे सोडायचे तर पानाच्या द्रोणात सोडा. थर्मोकोलच्या वाट्या परत घरी न्या.

थंडी ही पहिली पाहुणी

डिसेंबर-जानेवारीत जबलपूरला दुपारी छान ऊन असतं, पारा पंचवीसच्या आसपास. रात्री तो दहापर्यंत, कधी त्याहूनही खाली येतो. नदीकाठी गारठा आणखी झोंबतो. मुंबईच्या माणसाला याची कल्पना नसते. तो हौसेने एक शाल आणतो आणि दुसऱ्या दिवशी स्वेटर विकत घेतो.

म्हणून सगळा कार्यक्रम सूर्याकडे पाहून आखा. डिसेंबरच्या सुरुवातीला जबलपूरला साडेपाचच्या आतच सूर्य मावळतो, मुंबईपेक्षा अर्धा तास आधी. घळीत तर ऊन त्याही आधी जातं. फोटोग्राफर मुंबई-पुण्याचा असेल तर त्याला हे आधी सांगा. सकाळी धुकं असतं, ते निवळल्यावरच कडे स्पष्ट दिसतात. हळद उन्हात, अकराच्या सुमाराला ठेवा. ओल्या अंगाने बसलेल्या मुलीला ऊब मिळते. लग्न दुपारच्या मुहूर्तावर लावावं किंवा गोरज मुहूर्तावर. गोरजाचा उजेड नदीकाठी विलक्षण असतो. पण मग जेवणावळ रात्रीची होते, तेव्हा ती बंदिस्त सभागृहात ठेवा. एकदा अंधार पडला की दव पडू लागतं. उघड्यावरच्या खुर्च्या आणि सतरंज्या ओल्या होतात, वर कापडी छत हवंच. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धक लावायला कायद्याने बंदी आहे. थंडीमुळे तो नियम पाळणं सोपं जातं!

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेऊ नका. थंडी वाजते म्हणून कोळशाची शेगडी बंद खोलीत किंवा चारी बाजूंनी झाकलेल्या तंबूत कधीही ठेवू नये. तिचा विषारी वायू दिसत नाही, त्याला वास येत नाही आणि झोपेतच माणूस दगावतो. शेकोटी उघड्यावरच, मंडपाच्या कापडापासून दूर, आणि तिच्यापाशी एक जबाबदार माणूस.

शालू, शेला आणि आतला थर्मल

थंडीचं लग्न म्हणजे जड रेशमाला मिळालेली संधी. मे महिन्यात अंगावर काटे आणणारा बनारसी शालू किंवा पैठणी आता ऊब देते. ब्लाऊज कोपरापर्यंत किंवा त्याहून लांब बाह्यांचं शिवा. आत अंगाच्या रंगाचा पातळ थर्मल घालता येईल एवढी ढील शिंप्याला ठेवायला सांगा. खांद्यावर शेला आणि त्याच्या आत त्याच रंगाची पातळ लोकरी शाल शिवून घेतली तर फोटोत कळतही नाही. नऊवारी नेसणाऱ्या मुलींना पायांना गारवा लागतो. आतून लेगिंग घालावी.

नवऱ्यामुलाचे हाल जास्त. सोवळं आणि उपरणं एवढ्यावर तो दीड तास पाटावर बसणार. विधी उन्हात किंवा आडोशाला ठेवा आणि होमाची ऊब त्याच्या बाजूला येईल असं पाहा. मंडपात अनवाणी वावरायचं असतं. संगमरवरी किंवा सिमेंटच्या फरशीवर जाड सतरंजी अंथरा, नाहीतर सप्तपदी घाईघाईत उरकेल.

बाकीच्या कपड्यांसाठी एक सूचना. जबलपूर सलवार-सूटच्या उत्पादनासाठी नावाजलेलं शहर आहे आणि त्या धंद्याचं एक केंद्र आहे गोहलपूर. शहराच्या उत्तरेकडची ही दाट वस्ती. पर्यटकांच्या यादीत तिचं नाव नसतं. पण इथल्या लेमा गार्डन भागात तयार कपड्यांच्या उद्योगाचं संकुल आहे. करवल्या, आत्येबहिणी, मामेबहिणी अशा दहा-पंधरा जणींना एका रंगाचे सूट हवे असतील तर मुंबईच्या बुटिकपेक्षा इथे चौकशी करणं शहाणपणाचं. मात्र हा घाऊक धंदा आहे. एक-दोन नगांसाठी कोणी थांबत नाही आणि लग्नसराईत कारागिरांना उसंत नसते. मापं, रंगाचा तुकडा आणि आगाऊ रक्कम दोन महिने आधी जायला हवी. इथे जबलपूरची मावशी कामी येते. एक नमुना शिवून तो तिने डोळ्यांखालून घातल्याशिवाय बाकीचे कापायला देऊ नयेत.

आहेरासाठीही आसपास पुष्कळ आहे. बालाघाटजवळच्या वाराशिवनीच्या हातमाग साड्यांना आणि भेडाघाटच्या दगडी कोरीवकामाला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. स्टीलचं भांडं देण्यापेक्षा भेडाघाटच्या कारागिराने घडवलेली छोटी पणती किंवा गणपती पाहुणे जपून ठेवतील.

पानात काय?

जबलपूरचा मटार प्रसिद्ध आहे आणि तो थंडीतच येतो. मटारची उसळ, मटारभात, मटारच्या करंज्या हे सगळं पंगतीत शोभतं. तिथली खोव्याची जिलबी काळपट, जाड आणि खमंग असते. गरमच वाढा, आणि ती असताना दुसरं पक्वान्न ठेवू नका. पण स्थानिक आचाऱ्याला मसालेभात सांगितला तर पानात पुलाव येण्याची शक्यता धरून चाला. गोडा मसाला घरून न्यावा आणि नागपूरहून एक जाणता आचारी सोबत घ्यावा. थंडीत बुफेचं जेवण दहा मिनिटांत गार होतं. ऐंशी माणसांना पंगत सहज जमते, अन्न गरम राहतं आणि वायाही कमी जातं. मठ्ठ्याऐवजी गरम कढण किंवा कढी द्या.

आणखी एक गोष्ट आधी स्पष्ट करा. तिकडे लग्न म्हणजे रात्रीचं. सभागृह संध्याकाळी ताब्यात मिळतं, नऊ वाजता बारात येते आणि मध्यरात्री फेरे होतात. आपला मुहूर्त सकाळी अकरा चाळीसचा असेल तर सभागृह आदल्या रात्रीपासून हवं, हे करारातच लिहून घ्या. अंतरपाट, पाट, चौरंग, मुंडावळ्या या वस्तू घरूनच न्याव्यात. मराठी पद्धतीने लग्न लावणारे भटजी तिथल्या मराठी कुटुंबांकडून कळतात.

यादीतलं एकेक नाव

आता मुद्द्याचं. ‘थोड्या माणसांत करतोय, म्हणजे स्वस्तात होईल’ असं बरेच जण समजतात. हिशेब करून पाहा. समजा ऐंशी पाहुणे, दोन रात्री. एका खोलीत दोघं म्हणजे चाळीस खोल्या. खोलीचा दर ३,००० रुपये धरला तर २,४०,००० रुपये झाले. माणशी दिवसाचं चहा-फराळ-जेवण १,५०० रुपये धरलं तर दोन दिवसांचे आणखी २,४०,०००. मंडप, भटजी, फोटो, बस आणि नावा वेगळ्याच. हे आकडे केवळ उदाहरणाचे. तुमच्या हॉटेलचे दर घालून बघा.

यातून कळतं ते असं. यादीत एक नाव वाढलं की ६,००० रुपये वाढतात, आणि चौघांचं कुटुंब वाढलं की २४,०००. घरच्या गावी कार्यालयात पाचशे रुपयांचं ताट असेल तर एक पाहुणा म्हणजे पाचशे रुपये. तिथे ‘आणखी दहा जण येऊ देत’ म्हणता येतं, इथे नाही. शिवाय ज्यांना नेलं नाही त्यांच्यासाठी परत येऊन तीनशे माणसांचा स्वागत समारंभ केला, तर एका मुलीची दोन लग्नं केल्यासारखं होतं. त्यापेक्षा घरी एका रविवारी साधं चहापान ठेवावं. शेजारी, कार्यालयातले सहकारी, वर्षानुवर्षं घरकामाला येणाऱ्या बाई, प्रवास न झेपणाऱ्या आजी यांना बोलवावं. या माणसांनी मुलीला लहानाची मोठी होताना पाहिलेलं असतं. त्यांना नुसता फोटो पाठवून भागत नाही.

पैसे कोणाचे?

जुन्या रीतीत प्रवासखर्च मुलाकडचा आणि बाकी सगळा मुलीच्या वडिलांचा. वऱ्हाड त्यांच्या दारी येत होतं म्हणून ती रीत पडली. आता दोन्ही घरं पाहुणी आहेत. तरी बहुतेक ठिकाणी बिल मुलीच्याच वडिलांच्या हातात पडतं. हौस मुलांची, ठिकाण व्याह्यांच्या पसंतीचं आणि भविष्यनिर्वाह निधी मात्र मुलीच्या बाबांचा, असं होता कामा नये. आणि ही गोष्ट ते स्वतः कधी बोलत नाहीत. मुलीचं सासर आहे, शब्द वर-खाली झाला तर तिला ऐकून घ्यावं लागेल, ही धास्ती असते.

म्हणून हे बोलणं मुलाने काढावं. साखरपुड्याच्या आधी, दोन्ही घरं समोरासमोर बसवून आणि कागदावर. आपापल्या पाहुण्यांच्या खोल्या, जेवण आणि प्रवास ज्याचा त्याने करावा. मंडप, भटजी, फोटो आणि सभागृह निम्मं निम्मं. कपडे-दागिने आपापले. एकूण रकमेची एक मर्यादा ठरवावी आणि तिच्या दहावा हिस्सा ऐनवेळच्या अडचणींसाठी राखून ठेवावा. ज्या घराला निम्मी रक्कम कर्ज काढून द्यावी लागेल, त्या घराला झेपेल अशी मर्यादा ठरवावी. नाहीतर गावातलं कार्यालय काय वाईट? मुलगा-मुलगी दोघंही कमावती असतील तर त्यांनी या हौसेत आपला वाटा उचलावा. स्वतःचे पैसे घातले की ड्रोनच्या चित्रीकरणाचा आग्रह आपोआप कमी होतो.

मानपानाचं काय? परगावी तो खोल्यांवरून निघतो. नदीकडची खोली कोणाला, यावरून व्याही रुसले तर समजूत घालायला शेजारचे काका नसतात. तेव्हा आधीच नियम करा. तळमजल्याच्या, गरम पाण्याची खात्रीची सोय असलेल्या खोल्या म्हाताऱ्यांना. सभागृहाजवळच्या लेकुरवाळ्यांना. नदीकडच्या ज्या उरतील त्यांच्या चिठ्ठ्या टाका. नशिबावर कोणी रुसत नाही.

निघण्यापूर्वी

• रेल्वेचं आगाऊ आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी सुरू होतं. तारीख वहीत लिहून ठेवा. पूर्ण डबा हवा असेल तर आयआरसीटीसीकडे त्याची वेगळी सोय आहे.

• मुंबईहून जबलपूर रेल्वेने सुमारे हजार किलोमीटर. नागपूरहून रस्त्याने पावणेतीनशेच्या आसपास, वाटेत पेंचचं जंगल लागतं. गोंदिया-बालाघाटमार्गेही रेल्वे आहे. तिथली जुनी छोटी गाडी २०१५ मध्ये बंद झाली आणि तिच्या जागी मोठी लाईन आली. डुमना विमानतळ आहे, पण विमानं मोजकी.

• धुक्यात गाड्या रखडतात. नवरा-नवरी, भटजी आणि आचारी या चौघांनी एक दिवस आधीच पोहोचावं.

• प्रत्येक खोलीत जादा रजई आणि पहाटे गरम पाणी मिळेल का, हे जबलपूरच्या मावशीने स्वतः जाऊन पाहावं. फोनवर सगळे ‘हो’च म्हणतात.

• दम्याच्या आणि रक्तदाबाच्या रुग्णांची औषधं हातातल्या पिशवीत असू द्या. जवळच्या दवाखान्याचा पत्ता दोघांकडे तरी हवा.

• हॉटेल, मंडपवाला आणि बसवाला यांच्याशी झालेला करार लेखी असावा. लग्न पुढे ढकलावं लागलं तर किती पैसे परत मिळतील, हे त्यात लिहिलेलं हवं.

• हिशेबाची वही एकच ठेवा. ती दोन्ही घरांतल्या एकेका माणसाने मिळून लिहावी आणि परतीच्या गाडीत बसण्याआधी मिटवावी. नंतर फोनवर बाकी मागण्याची वेळ नव्या सुनेच्या आईवडिलांवर येऊ नये, आणि नव्या जावयाच्याही.